उंबऱ्याबाहेरचं इंग्रजी

सोमशेखर सरांना डोंबलाचं इंग्रजी येतं! कॅन, मे, शुड आणि मस्ट, एवढे चार शब्द येतात, आणि त्या चौघांच्या जिवावर त्यांनी शहरात सात रस्ता चौकाजवळ अख्खा क्लास थाटलाय.

क्लासचा नियम एकच. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, "मे आय कम इन, सर?" म्हणायचं, आणि सर "यू मे" म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. चुकून 'कॅन' म्हणालात तर मेलात. "कॅन म्हणजे जमतं का. पाय आहेत तर जमणारच की! परवानगी मागायला मे!" एवढं ऐकवून महाराज पाठ फिरवायचे आणि पेनाचं टोपण चघळत बसायचे. आमच्या वळसंग गावची एसटी उशिरा आली की मी वीस-वीस मिनिटं बाहेर. वर ऐकायचं, "यू शुड हॅव कम अर्लिअर." अहो, त्याच्या आधीची गाडीच न्हाय की! पण मी मूग गिळून उभी राहायचे.

कारण मला नोकरी पाहिजे होती. होटगी रोडच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. आमचे दादा, म्हणजे वडील, मेंढरं राखतात, बोलणं मोजकं. "लागली नोकरी तर ऱ्हा शहरात," म्हणाले, "न्हाय तर टेंभुर्णीच्या पावण्यांना होकार कळवतो." टेंभुर्णीचा नवरा मी बघितला होता. दारात दोन ट्रक, तोंडात मावा. त्याच्या आईनं मला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं.

मुलाखतीला मी साडेदहालाच पोचले. केबिनचं दार उघडं, आत मॅडम फोनवर. मी दाराशी थांबले आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "मे आय कम इन, मॅडम?" त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. फोन चालूच. तेवढ्यात बाकावर बसलेली, मोहोळहून मुलाखतीला आलेली एक मुलगी उठली, काहीएक न विचारता आत गेली आणि खुर्ची ओढून बसली. मला तिची कीवच आली. किती अडाणी असावं माणसानं! पाव तासानं ती हसत बाहेर आली. मी दाराच्या कडेला उभीच.

साडेबाराला मॅडम पर्स घेऊन निघाल्या त्या माझ्यावर आदळल्याच.

"तू कोण? कधीपासून उभी आहेस?"

"साडेदहापासून, मॅडम."

"मग आत का नाही आलीस गं?"

मी खाली उंबऱ्याकडं बघितलं.

"इथं पुढं होऊन बोलणारी मुलगी लागते," त्या म्हणाल्या. "झाली बघ मघाच्या मुलीची निवड."

तशीच तडक क्लासला गेले आणि चपला घालून आत शिरले. सर फळ्यावर 'मस्ट' गिरवत होते.

"रुपाली! यू मस्ट..."

"गप बसा!" मी ओरडले. "दोन तास उभी होते मी दारात, तुमच्या त्या 'यू मे'ची वाट बघत. नोकरी गेली. उभं राहायला झकास शिकवलंत, आत जायला कधी शिकवणार होता?"

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "यू शुड हॅव नॉक्ड," म्हणाले.

असल्या माणसापुढं काय डोकं फोडायचं! मी वळले. दारात ऋतुजा उभी होती, आमच्याच एसटीनं येणारी नवी पोरगी. वही छातीशी धरलेली, ओठ पुटपुटत होते. मी तिचा हात धरला.

"चल आत. बस खुशाल."

तिनं हात सोडवून घेतला. "नको ताई. सरांनी अजून 'यू मे' म्हटलं न्हाय."

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मोहोळच्या मुलीकडं मी बघितलं होतं, अगदी तसं.

जिन्यात दादांचा फोन आला. "लागली का?"

"न्हाय."

"मग कळवतो पावण्यांना."

"न्हाय कळवायचं. मी लगीन करणार न्हाय तितं."

पलीकडं मेंढरांना हाकलल्याचा आवाज आला. मग दादांनी विचारलं, "कुणाला इचारून ठरवलंस गं?"

"कुणालाच न्हाय," मी म्हटलं.