छातीतला टक्

मित्रांनो, मी नर्सिंगच्या शाळेतला एक जुना रबरी पुतळा आहे. जुना आपला वयाने. वापराचं म्हणाल तर कित्येक वर्षं कोराच होतो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकवण्यासाठी मला बनवलं. माझ्या छातीत स्प्रिंग आहे. पुरेसं खोल दाबलं की टक् असा आवाज येतो. कारखान्यात तो एकदा तपासला, तेवढाच.

इथे आल्या आल्या सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. "हात लावू नका, मळेल," म्हणाले. सर मनाने चांगले, शिकवायचेही जीव तोडून. पट्टीने मला दाखवत तासन् तास बोलायचे. मुलींना लिहून घेता यावं म्हणून आकडेसुद्धा सावकाश सांगायचे, "एक... दोन... तीन..." परीक्षेत मुलींना पैकीच्या पैकी मिळायचे. सरांचं कौतुक व्हायचं आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

कपाट उघडायचे ते फक्त शिपाईकाका, धूळ पुसायला. "काय पाहुणे, आज तरी खाली उतरणार का?" असं रोज विचारायचे.

एके दुपारी तास संपता संपता, मला पुसतानाच काका कोसळले. श्वास थांबला. सर डॉक्टरांना आणायला धावले. वर्गात पहिली येणारी मुलगी काकांशेजारी गुडघ्यांवर बसली. तिला सगळं तोंडपाठ होतं. हात बरोबर जागी ठेवून ती मोजू लागली, "एक... दोन... तीन..." अगदी सरांच्याच चालीने, वहीत लिहून घेण्याच्या वेगाने. दाबत होती तेही हलकेच, काकांना दुखेल म्हणून. अगं, भराभर, जोर लावून दाब, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण माझं कोण ऐकणार?

डॉक्टर येईपर्यंत काका गेले होते.

"सर, माझं काय चुकलं?" ती रडत म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच तर केलं मी."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला फरशीवर आडवं केलं आणि स्वतः दाबू लागले. दोनदा, तीनदा काहीच झालं नाही. चौथ्यांदा सगळं अंग टाकलं, तेव्हा टक् झालं.

"एवढं खोल?" सर पुटपुटले आणि तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं शिकवलं, पण त्यांनीही ते कधी करून पाहिलं नव्हतं.

आता माझी छाती काळी पडली आहे, खांदा फाटला आहे. सर कमी बोलतात, मुली घामाघूम होतात. मित्रांनो, तुमच्या शाळेत काही कपाटात कोरं पडलं असेल तर बाहेर काढा. मळू द्या, मोडू द्या.

मला मळण्याचं दुःख नाही. पाहुणे रोज खाली उतरतात, फक्त विचारणारे काका राहिले नाहीत.