मोटारीची बैठक

शनिवारी, सकाळची पाळी सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर, कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये, खिडकीखाली उभ्या असलेल्या, लोखंड कापायच्या जुन्या मिलिंग मशीनवर मोटारीच्या बैठकीची शेवटची प्लेट चढवण्यात आली. चढवणाऱ्याला सगळे काका म्हणत.

हे मशीन संगणकावर चालवण्याचे ठरले होते. टेबल सरकवणारा जुना स्क्रू काढून त्या जागी पोलादी गोळ्यांवर फिरणारा नवा स्क्रू बसवला होता. तो फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी मात्र अजून खोक्यातच होत्या. कारण त्या ज्यांवर बसवायच्या, त्या प्लेटींच्या बैठका व्हायच्या होत्या, आणि त्या नेमक्या मापात कापील असे यंत्र शेडमध्ये एकच होते, ते म्हणजे हेच. म्हणून नव्या स्क्रूला तात्पुरते जुने हँडल जोडून काका हाताने बैठका कापत होते. ज्या मोटारी आपल्या हातातले हँडल काढून घेणार, त्यांना बसायला जागा आपणच करून द्यायची, यातली गंमत त्यांना कळत नव्हती असे नाही. पण मालकांनी शब्द दिला होता, की काम नीट उरकले तर संगणकाचे मशीनही काकाच चालवतील. त्या शब्दावर ते विसंबून होते.

"पाहुण्यांना खुर्ची करताय का, व्याही?" शेजारच्या लेथवरून प्रश्न आला. लेथवाला त्यांच्या मुलीचा सासरा होता. "आमच्या मुलाला कधी एवढी सरळ खुर्ची दिली नाहीत!"

"तुमचा मुलगा मोटारीसारखा गप्प बसला असता, तर त्यालाही दिली असती."

संगणक जोडायला आलेला, कोपऱ्यात तारा सोलत बसलेला तंत्रज्ञसुद्धा हसला. पहिल्याच दिवशी त्याने काकांना बजावले होते, "जुना स्क्रू घट्ट होता, टेबल सोडाल तिथे थांबायचं. हा नाही थांबणार. कटर ओढेल तिकडे टेबल जाईल. हँडल सोडायचं तर आधी टेबलाचं लॉक आवळा." काकांनी मान डोलावली होती, आणि एरवी ते तसेच करतही होते.

कटर प्लेटच्या मध्यावर आला. कडेला लोखंडाचा कीस साचला. काकांचा हात हँडलवरून निघाला आणि कीस झाडायच्या कुंचल्याकडे गेला. त्यांनी तो नेला नाही. आयुष्यभर जसा जात आला होता, तसा तो गेला.

कटरने टेबल खेचून घेतले. काकांनी मशीन बंद करायचे बटण दाबेपर्यंत कटरचे दात तुटले होते, प्लेटमध्ये बोट मावेल एवढा चर पडला होता, आणि रिकामे हँडल आपल्याआपण गरगरत होते.

"सांगून सांगून थकलो!" तंत्रज्ञ ओरडला. "मुद्दाम केलंय हे. मशीन जातंय हातचं, म्हणून!" तो तसाच मालकांना बोलवायला गेला.

लेथवाला जवळ आला. थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती.

"व्याही, ऐका माझं. हो म्हणा."

"कशाला हो म्हणू?"

"मुद्दाम केलं म्हणा. चार शिव्या खाल, विषय संपेल. पण हात चुकला म्हणालात, तर मग तुमच्याजवळ राहिलं काय?"

युक्तिवादात खोट काढण्यासारखे काही नव्हते. काकांनी तो पुरता ऐकून घेतला, आणि चरात बोट घालून त्याची खोली पाहिली.

मालक आले. वडिलांचे बोट धरून शेडमध्ये यायचे, तेव्हापासून ते काकांना याच मशीनपाशी बघत आले होते. त्यांनी आधी प्लेट पाहिली, मग काकांना.

"काका, खरं सांगा. रागाने केलंत?"

लेथवाल्याने उगीच घसा खाकरला.

"नाही," काका म्हणाले. "लॉक न लावता हात काढला. ध्यानात राहिलं नाही."

"पहिल्यांदाच?"

यावर हो म्हणणे सोपे होते, आणि ते खोटे पाडणारा कोणी नव्हता.

"परवाही काढला होता. तेव्हा कटर कामाच्या बाहेर होता, म्हणून निभावलं."

तंत्रज्ञाने मान खाली घातली. मालकांनी वाकून हँडलचा पेच सैल केला, हँडल काढले आणि खिडकीत ठेवले.

"मुद्दाम केलं असतंत तर भांडलो असतो आणि ठेवलं असतं, काका. सोमवारपासून पॅकिंगला बसा. मशीनला हात लावायचा नाही."