आठवीचं संस्कृत

दामोदर पोंक्षे यांनी रोह्याच्या शाळेत उभी हयात संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर ते पेणला राहायला आले, आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांची वाचा गेली. झटका तसा हलकाच होता. पाय लवकर सुधारला, उजवा हात हळूहळू चमचा धरू लागला, पण शब्द काही परत आले नाहीत. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं कळायचं. स्वतः बोलायला गेले की मात्र "ते... ते..." एवढंच यायचं, आणि मग ते हात झटकून खिडकीकडे तोंड करून बसायचे.

त्यांच्या पत्नी मालतीबाई अंदाजाने शब्द पुरवत. पाणी हवंय का? चष्मा? पंखा लावू? बरोबर निघालं की ते मान हलवत, पण त्या मान हलवण्यात आनंद नसे. हळूहळू त्यांनी मागणंच सोडलं. तहान लागली तरी गप्प बसत.

ऋजुता नावाची एक तरुण स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी यायची. ती चित्रांची कार्डं समोर धरायची. कप, किल्ली, छत्री. "काका, हे काय आहे?" काका छत्रीकडे बघत, ओठ हलवत, आणि लाल होत. एके दिवशी त्यांनी सगळी कार्डं गोळा केली आणि टेबलावर पालथी घातली. ऋजुताने ती पर्समध्ये ठेवली. "राहू दे आज," म्हणाली.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मालतीबाई दुपारी बिरडं सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल भिजून टम्म फुगले होते, आणि बोटांत धरून दाबला की दाणा टुपकन सालाबाहेर येत होता. हात असे एका लयीत चालू लागले की मालतीबाई काहीतरी गुणगुणायच्या. रोह्याला त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं, आणि सकाळी आठवीच्या वर्गाचा घोष थेट स्वयंपाकघरात यायचा. त्या स्वतः कधी संस्कृत शिकल्या नव्हत्या, पण तो घोष कानात मुरला होता. तोच आता ओठांवर आला.

"माला माले मालाः, मालाम् माले मालाः..."

पुढचं त्यांना आठवेना. आणि आरामखुर्चीतून आवाज आला, खणखणीत, पूर्वीचा.

"मालया मालाभ्याम् मालाभिः."

मालतीबाईंच्या हातातला वाल तसाच राहिला. खुर्चीतला आवाज थांबला नाही. चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी करत संबोधनापर्यंत पोचला आणि तिथे थांबला. दामोदरपंत स्वतःच चकित होऊन बायकोकडे बघत होते. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आता माझं नाव घ्या बघू." त्यांनी तोंड उघडलं. "ते... ते..."

ऋजुताने सगळं ऐकून घेतलं. "काकू, चांगलं आहे, पण लगेच फार आशा धरू नका. पाढे, आरत्या, शिव्या हे बहुतेक वेळा शाबूत राहतं. ते घोकलेलं असतं, जिभेला पाठ असतं. त्यात अर्थ शोधावा लागत नाही." तिने पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. "पण ह्या पाठांतरावरून अर्थाकडे जायची वाट सापडली तर बघू या. त्यांचं एखादं सोपं पुस्तक आहे का? अगदी सुरुवातीचं?"

घरात कपाटभर संस्कृत होतं, पण सगळं जाडजूड. सुरुवातीचं असं मालतीबाईंना एकच आठवलं, आठवीचं जुनं क्रमिक पुस्तक. अभ्यासक्रम बदलला तरी दामोदरपंत पहिले काही आठवडे त्याच पुस्तकातून शिकवायचे. नव्या पुस्तकात पाया कच्चा राहतो म्हणायचे. पण पेणला येताना त्याच्या सगळ्या प्रती त्यांनी शाळेला दिल्या होत्या. मालतीबाईंनी फोन केला. पलीकडच्या बाई भल्या होत्या, पण वाचनालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत गेल्याचं त्यांनी सांगितलं. मग मुलाने, अनयने, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तासाभरातच एक उत्तर आलं. खांब गावच्या शांतीचं. "माझ्याकडं हाय. पण मी दारात वाल घातलेत झोडायला, निघता नाय येणार. बाईंना पाठवा."

शेजारच्या चंद्रावतीबाईंना दामोदरपंतांपाशी बसवून मालतीबाई एसटीने निघाल्या. नागोठण्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात निघालेली शेतं होती आणि त्यांत वालाचे वेल सुकून तांबूस झाले होते. खांबला उतरल्या तर शांती फाट्यावर घ्यायला आली होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, डोक्याला टॉवेल बांधलेली. मालतीबाईंना ती आठवेना.

"कशी आठवन राहील, बाई. मी मागच्या बाकावर बसायची."

अंगणात वालाच्या शेंगा पसरल्या होत्या. ओसरीवरून म्हातारी सासू ओरडली, "कोन आलंय गो?" "सरांच्या बाई," शांती म्हणाली आणि आतून पुस्तक घेऊन आली. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. कव्हर गेलं होतं, पानं पिवळी पडली होती, पण शिवण शाबूत होती.

"दहावीनंतर लगीन झालं," शांती म्हणाली. "बाकीची पुस्तकं धाकट्या भावाला दिली. ह्ये नाय दिलं. आता त्यातलं कायपन येत नाय मला. नुसतं असावं वाटतं." तिने पुस्तक पुढे केलं, पण लगेच सोडलं नाही. "बाई, सरांसाठी देते. पन मला परत पायजे."

"मी स्वतः आणून देईन," मालतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. दामोदरपंतांनी पहिलं पान उघडलं आणि बोट धरून वाचलं, "बालकः दुग्धं पिबति." न अडखळता. खाली लिहिलं होतं, मराठीत भाषांतर करा.

"करा की," मालतीबाई म्हणाल्या.

तिथे सगळं अडलं. संस्कृत वाक्य ते धडाधड वाचत, आणि मराठीत सांगायची वेळ आली की घामाघूम होत. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मालतीबाईंनीच वाचायला घेतलं. "कृषकः क्षेत्रः कर्षति."

"चूक."

त्यांनी वर पाहिलं. दामोदरपंतांच्या कपाळावर आठी होती. तीच आठी, जी वर्गात पोरांना धडकी भरवायची. "क्षेत्रम्," ते करड्या आवाजात म्हणाले. "द्वितीया."

हे उत्तर कोणी घोकून घेतलेलं नव्हतं. मालतीबाईंच्या एकदम लक्षात आलं. ह्या माणसाला चूक ऐकवत नाही. तहान सहन होईल, पण चूक नाही. त्यांनी चेहरा साधाभोळा ठेवला आणि मराठी सांगितलं, "म्हणजे, शेतकरी दूध नांगरतो."

"चूक! शेतकरी... शेत... शेत नांगरतो."

त्यांनी डोळे पुसायला पदर घेतला नाही, कारण त्याने धडा थांबला असता. "बालक मोर पितो," त्या पुढे म्हणाल्या.

"दूध! बालक दूध पितो." मग ते थांबले. बायकोकडे रोखून पाहिलं. ओठांच्या कडा हलल्या. "तू... मुद्दाम."

"अजिबात नाही हो. मला कुठे संस्कृत येतं."

तेव्हापासून रोज सकाळी मालतीबाई इमानेइतबारे चुका करू लागल्या. ऋजुतालाही त्यांनी तसंच करायला लावलं. कार्ड दाखवून ती म्हणायची, "काका, ही किल्ली," आणि काका वैतागून म्हणायचे, "छत्री!"

भाषा परत आली ती मात्र पाठ्यपुस्तकातून आली. दूधवाला आला की दामोदरपंत गंभीरपणे सांगत, "बालक दूध पितो." दूधवाला पिशव्या देऊन निमूट जिना उतरायचा. जेवण आवडलं की "ब्राह्मण भोजनाने तृप्त होतो," आणि मालतीबाई स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसत. एकदा त्यांचं हसू बाहेर ऐकू गेलं. बघतात तर तेही खुर्चीत हसत होते. घरात असं हसू कितीतरी दिवसांनी उमटलं होतं.

सगळं काही जागेवर आलं नाही. नावं हुलकावणी देत राहिली, लांब वाक्यं मध्येच तुटायची, फोनवर बोलणं जमेना. पूर्वीसारखं होणार नाही हे ऋजुताने स्पष्टच सांगितलं, आणि ते दोघांनी ऐकून घेतलं. पण पाणी हवं असलं की ते मागू लागले.

चैत्रात मालतीबाईंनी पुस्तकाची झेरॉक्स काढली, मूळ पुस्तकाला जाड कागदाचं कव्हर घातलं, आणि खांबला जायला निघणार तर शांतीच दारात उभी राहिली. दवाखान्याच्या कामाला पेणला आली होती. हातात वालाची पिशवी. "सर," म्हणून ती पाया पडली.

दामोदरपंत तिच्याकडे बघत राहिले. नाव सापडेना. शोधून शोधून त्यांनी ते सोडून दिलं आणि विचारलं, "बाक... कोणतं?"

"शेवटचं, सर. खिडकीकडलं."

त्यांनी पुस्तक तिच्यापुढे उघडून धरलं. शांती पदराने हात पुसत मागे सरकली. "नाय, सर. इसरले सगळं. चुका होतील."

"होऊ दे," दामोदरपंत म्हणाले. "बस."

ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि बोट ठेवून पहिलं वाक्य वाचू लागली. मालतीबाई आत जाऊन चहाचं आधण ठेवत होत्या. बाहेरून शांतीचा चाचपडता आवाज येत होता, मध्येच थांबणारा, आणि त्याच्यामागून एक सावकाश, धीराचा आवाज, तिला पुढचा शब्द न सांगता नुसती वाट बघणारा: "हं. मग?"