कमी रेंजची गाडी

शोरूममधल्या हेमावतीला असं गिऱ्हाईक याआधी भेटलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, एका चार्जिंगमध्ये किती जाते? आणि आकडा ऐकून तोंड वाकडं करायचा. ही बाई मात्र आकडा ऐकून खूश झाली.

"कंपनी दोनशे तीस सांगते, मॅडम," हेमावती प्रामाणिकपणे म्हणाली. "पण एसी लावला, चार माणसं बसली, की दीडशे-एकशे साठच धरा."

"म्हणजे सव्वाशे जाऊन सव्वाशे परत, असं नाही होणार?"

"नाही मॅडम."

"नक्की ना?"

हेमावतीला वाटलं, गिऱ्हाईक हातचं चाललं. तिनं घाईघाईनं सांगितलं, "वरच्या मॉडेलला फास्ट चार्जिंग येतं. वाटेत हॉटेलवर थांबलं, चहा-नाश्ता होईपर्यंत तासाभरात..."

"खालचं मॉडेल दाखवा," सोनाली म्हणाली.

सोनालीचं सोलापुरात नवी पेठेत ब्लाऊजपीस आणि अस्तराचं छोटं दुकान होतं. आठवड्याचे सहा दिवस ती उभी असायची. सातवा दिवस रविवार, आणि तो गेली चार वर्षं तिच्या मोठ्या दिरांचा होता. बापूसाहेब माळशिरसच्या पुढं वस्तीवर राहायचे. साठ-सत्तर मेंढरं, चार एकर ऊस आणि सगळ्या भावकीत मान. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे सोनालीच्या नवऱ्यानं, बिरुदेवनं लायसन काढलं होतं, पण स्टिअरिंग हातात घेतलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो ॲसिडच्या बाटल्या बिनधास्त हाताळायचा, रस्त्यावर मात्र समोरून रिक्षा आली तरी डोळे मिटायचा. म्हणून अख्ख्या घराण्यात गाडी चालवणारं माणूस एकच, सोनाली.

शनिवारी संध्याकाळी आबांचा फोन यायचा. "रविवारी मोकळीच असशील की."

हा प्रश्न नसायचा. मग पहाटे उठून सव्वाशे किलोमीटर जायचं, आबा आणि त्यांच्या बायकोला, केराबाईअक्कांना, घ्यायचं, कुठं मुलगी बघायला, कुठं साखरपुड्याला, कुठं बारशाला न्यायचं, परत सोडायचं आणि रात्री घरी यायचं. अक्कांना यष्टी लागायची. बसमध्ये पाय ठेवला की पोटात ढवळायचं, म्हणून गाडीच हवी. गाडीतही त्या पुढं बसायच्या, हातात लिंबू धरून, काच खाली करून. त्यामुळं एसी बंद आणि सगळी धूळ आत. गेल्या वर्षी तर आबांनी सांगोल्याच्या बाजारातून एक एडका, चांगला दांडगा मेंढा, घेतला आणि मागची अर्धी सीट पाडून तो गाडीत बसवला. साठ किलोमीटर त्या एडक्यानं बिरुदेवच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती. बिरुदेव म्हणाला, "शांत आहे गं बिचारा." सोनालीनं त्याच दिवशी गाडी बदलायचं ठरवलं.

नवी गाडी आल्यावर शनिवारी फोन आला, तेव्हा तिनं आवाज शक्य तितका पडेल ठेवला.

"आबा, इलेक्ट्रिक घेतली. पेट्रोल परवडेना. पण रेंज कमी आहे हो. तिकडं येईल, परत नाही जाणार."

आबा म्हणाले, "बरं."

दोन रविवार सोनाली घरी होती. पहिल्या रविवारी तिनं दहा वाजेपर्यंत अंथरूण सोडलं नाही. दुसऱ्या रविवारी गाडी घेऊन एकटीच वैरागला माहेरी गेली. जाऊन-येऊन शंभर, आणि घरी आली तेव्हा अजून पस्तीस टक्के शिल्लक. गाडी म्हणजे हिरा होती. सिग्नल हिरवा झाला की मोटरसायकलींच्याही पुढं निघायची, आणि आवाज म्हणाल तर फ्रिजपेक्षा कमी. बिरुदेव मागं बसूनसुद्धा घाबरत नव्हता, कारण गाडी चालू आहे हे त्याला कळायचंच नाही.

तिसऱ्या शनिवारी फोन आला.

"सोनाली, वायरमन बोलवला हुता," आबा म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "पंधरा अँपियरचा पॉइंट काडलाय. तुज्या गाडीसाटी. वायरमन म्हनला अर्थिंग पायजे, तर खड्डा खांदून कोळसा-मीट घालून पक्कं अर्थिंग केलंय. कोकरांच्या शेडात हाय, सावली बी हाय. आता काय बी काळजी करू नगंस. हितं यायचं, गाडी लावायची, भरली की जायचं."

"आबा, कशाला एवढा त्रास..."

"त्रास कसला? घरच्या मानसासाटी येवडं बी न्हाय करायचं व्हय?"

फोन ठेवल्यावर बिरुदेव म्हणाला, "बघ, किती जीव लावतो आबा." सोनालीनं पहाटेचा गजर लावला.

रविवारी सकाळी दहा वाजता ती दोघं वस्तीवर पोचली. पडद्यावर बॅटरी एकोणीस टक्के दिसत होती. वस्तीच्या तोंडाशी मेंढरं रस्ता अडवून उभी होती. एरवी इंजिनाचा आवाज आला की ती बाजूला व्हायची. या गाडीचा आवाजच नाही, त्यामुळं एकही हलेना. गाडी कळपाच्या मधोमध जाऊन थांबली आणि दोन मेंढ्यांनी टायरला तोंड लावून बघितलं. शेवटी केराबाईअक्का काठी घेऊन आल्या आणि पुढं चालत, हुर्र हुर्र करत, गाडीला घरापर्यंत घेऊन गेल्या.

पॉइंट खरंच पक्का होता. वर पत्र्याची झालर, बाजूला हळदीकुंकू, आणि फळीवर खडूनं लिहिलं होतं, 'सोनाली यांची गाडी'. वायर लावली, हिरवा दिवा लागला. आबा दिव्यासमोर खाट टाकून बसले. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "किती झालं?"

"एकवीस."

"लई सावकाश पितीया की."

हिशेब साधा होता. घरी पोचायला निदान पंच्याऐंशी टक्के हवेत, तासाला दहा-बारा टक्के भरतात, म्हणजे चारला निघता येईल. सोनालीनं तसं ठरवलंही. पण बारा वाजता त्रेचाळीस टक्के झाले आणि आबांची भावकी जमली. कुणी बोनेट उघडून इंजिन शोधू लागलं. कुणी विचारलं, पावसात शॉक बसतो का. आबांनी वायर काढायला लावली.

"एक चक्कर. ह्यांना दाव तर खरं."

एका चकरेच्या तीन झाल्या. तिसऱ्या चक्करला आबा स्वतः पुढं बसले. सोनालीच्या मनात कुठंतरी राग होताच. तिनं बटण दाबून गाडी स्पोर्ट मोडमध्ये टाकली आणि सरळ रस्ता बघून पाय दाबला. गाडी आवाज न करता अशी उधळली की आबांची टोपी मागच्या सीटवर गेली आणि तंबाखूची डबी कुठं गेली ते कळलं नाही. गाडी थांबल्यावर आबांनी मागं हात करून टोपी घेतली आणि डोक्यावर घट्ट बसवली.

सोनालीला वाटलं, आता परत कधी बोलवणार नाहीत.

"पुना एकदा," आबा म्हणाले.

पडद्यावर छत्तीस उरले. गाडी परत शेडात लावली, तर लाइट गेली होती. ती साडेतीनला आली. पाचच्या सुमाराला आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि चार्जरवर लाल दिवा लुकलुकू लागला. आबांनी समजावलं, "होल्टेज पडलंय. मोटारी बंद झाल्या की भरंल. हाईस की हितंच. जेवून-बिवून निवांत झोप. एवडी वर्सं तू आलीस, पर कदी टेकलीस का? आली की चालली. आता ह्या गाडीमुळं तरी ऱ्हातीयास."

जुन्या गाडीनं ती रात्री का होईना, घरी पोचायची. या गाडीनं मुक्काम पडला. बिरुदेव मात्र मजेत होता. भावाशेजारी खाटेवर पडून कॉलेजातल्या गोष्टी सांगत होता. सोमवारी सुट्टी टाकायची म्हणाला.

सकाळी शंभर टक्के झाले होते. चहा पिऊन निघायचं म्हणून सोनाली शेडात गेली, तर केराबाईअक्का गाडीत बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ह्येला गिअर न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का."

"क्लच?"

"तोही नाही."

"मग काय अवगड हाय गं ह्येच्यात? ट्रॅक्टर शिकीन म्हनलं हुतं मी, लगीन होऊन आल्यावर. तर हे आन् सासरे, दोगं बी हसले. क्लच दाबायला पाय पुरायचा न्हाय म्हनले." मग हळूच म्हणाल्या, "दावतीस?"

सोनालीनं घड्याळ बघितलं. मग शेजारी बसली. ऊस तुटून गेलेलं मोकळं रान होतं, तिथं गाडी नेली. पहिल्या फेरीत अक्का बांधावर जाणार होत्या, दुसरीत गेल्या. तिसऱ्या फेरीत मात्र गाडी सरळ चालू लागली. पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते, हे सोनालीनं सांगितलं तेव्हा अक्का खुदकन हसल्या.

"म्हंजी थांबलं की ताकद येती. हे लई शहानं यंत्र हाय."

चौथ्या फेरीला, समोर नजर ठेवून, त्या एकदम म्हणाल्या, "ही गाडी तू मुद्दाम घिटलीस न्हवं? हितं यायला नगं म्हणून."

सोनाली सीटबेल्ट चाचपत बसली.

"त्यो एडका बसवला तवाच मी वळाकलं. म्हनलं, ही पोरगी आता कायतरी करनार."

"अक्का, तसं नाही... म्हणजे, आठवड्यात एकच दिवस मिळतो हो मला."

"मी कुटं काय म्हनते?" अक्कांनी गाडी वळवली, बांधापासून हातभर अंतर राखून. "मला बी यष्टी लागत न्हाय."

"काय?"

"कदीच लागली न्हाय. पर यष्टीनं जायचं असलं की हे एकटंच टोपी घालून निघायचं. तू मेंढरं बघ, म्हनायचं. एकदा खरंच जरा मळमळलं, तर हे म्हनले, आता सोनालीला गाडी घिऊन बोलवावं लागतंय. तवापासून लागतीच." त्यांनी परत गाडी वळवली. "तुजी गाडी आली की मी पुडं बसून चाल्ले. पंढरपूर बगितलं, सांगोला बगितलं, तुज्या सोलापुरातलं त्ये तळं बगितलं. वाईट वाटायचं गं, तू दमलेली दिसायचीस. पर खरं सांगितलं की माजं बाहीर पडनंच बंद."

सोनालीला चार वर्षांचे रविवार आठवले. उघडी काच, तोंडावर येणारी धूळ, अक्कांच्या हातातलं लिंबू. प्रत्येक वळणाला तिनं गाडी सावकाश घेतली होती. हसावं की भांडावं ते तिला कळेना, आणि मग दोघीही हसायला लागल्या, इतक्या की गाडी परत बांधावर गेली.

त्या सोमवारी नवी पेठेतलं दुकान उघडायला दुपारचे तीन वाजले.

सोनालीनं ही गोष्ट बिरुदेवला सांगितली नाही. आबांना तर नाहीच. पण पुढच्या महिन्यात ती आपणहून वस्तीवर गेली, आणि त्याच्या पुढच्याही. अक्कांनी अकलूजला जाऊन शिकाऊ लायसन काढलं. वय विचारणाऱ्या क्लार्कला त्यांनी सांगितलं, "वय काय करायचंय? डोळं चांगलं हायती." आबांना ते लायसन बघितल्यावर कळलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाव्हण्यांना सांगत सुटले की आमच्या घरात ही शिकली, मीच पॉइंट काढून दिला.

पॉइंटची गोष्ट मात्र पसरली. पंधरा अँपियरचा पॉइंट म्हणजे आता इज्जतीचा विषय झाला. सोनालीच्या चुलत सासऱ्यांनी वेळापूरला काढला. नणंदेनं कुर्डुवाडीला काढला आणि फोटो पाठवला. बिरुदेवच्या मामांनी तर गोठ्यात दोन काढले, एक जादाचा. प्रत्येकाचा निरोप एकच, आता आमच्याकडंही राहायला यायचं. दीडशे किलोमीटरच्या आत आता असा एकही नातेवाईक उरला नव्हता जिथं सोनालीला मुक्काम करता येणार नव्हता. हेमावतीनं सर्व्हिसिंगच्या वेळी विचारलं, "मॅडम, रेंज पुरते ना?" सोनाली म्हणाली, "गरजेपेक्षा जास्त."

वैशाखातल्या एका रविवारी वस्तीवरून माळशिरसच्या बाजारात जायचं ठरलं. अक्का चालवत होत्या, चष्मा घालून, पदर कमरेला खोचून. शेजारी सोनाली. आबा मागं बसले होते. बायको चालवत असताना पुढं बसायला ते तयार नव्हते. वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून ते सारखे सूचना देत होते.

"हॉर्न दे की! मानसं हायती!"

"दिसत्यात मला," अक्का म्हणाल्या आणि हॉर्न न देता थांबल्या. समोरच्या भाजीवाल्या बाईनं वळून बघितलं, गाडीत कोण चालवतंय ते ओळखलं, आणि हातातला तराजू तसाच धरून उभी राहिली. अक्कांनी तिच्याकडं बघून मान हलवली.

बाजार झाल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एक फेरी मारू या का? पार नातेपुत्यापातुर?"

सोनालीनं पडद्याकडं बघितलं. चौतीस टक्के. नातेपुत्याला जाऊन आलं तर वस्तीवर पोचेपर्यंत आठ-दहा उरतील. मग संध्याकाळी मोटारी, रात्री लाइटची वाट, आणि सोमवार.

"चला," ती म्हणाली आणि काच खाली केली.