पत्र्यावरची डाळ

स्टोमध्ये रॉकेल ओतताना सेलूच्या सूर्यभान मास्तरांचा जीव खालीवर व्हायचा. वर फुकटचं ऊन आग ओकतंय आणि आपण रॉकेल जाळायचं? एका सकाळी त्यांनी शिडी लावली आणि डाळीचं पातेलं थेट घराच्या पत्र्यावर ठेवलं.

“कुरडया वाळत्यात, मग डाळ का शिजणार न्हाई?” त्यांनी बायकोला, कुसुमबाईंना ठणकावलं.

दुपारी खरंच घमघमाट सुटला. मास्तर ऐटीत चढले, पत्र्यावर अनवाणी पाय टेकला आणि बोंबलत खाली आले. पण शिजल्या अन्नाजवळ चपला घालून जायचं कसं? सगळ्यांनी नुसत्या वासावर कोरडी भाकरी खाल्ली.

दिवेलागणीला पत्रा निवला, तेव्हा कुठे गारढोण डाळ खाली आली.

“लय झाक शिजलीय!” मास्तर म्हणाले.

कुसुमबाईंनी ती गरम करायला स्टो पेटवला.