भरतीचा क्लॅरिनेटवाला

"मामा, आता बँडचं प्रकरण आलं बघा," रेश्मा सासऱ्यांना, नानासोंना म्हणाली.

पाटणजवळच्या घराच्या ओसरीवर सून मोठ्यानं पुस्तक वाचत होती. सासू बनाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. नानासो ऐकत नसल्याचं दाखवत होते. त्यासाठी त्यांनी पुसलेली चप्पल पुन्हा पुसायला घेतली होती.

पुस्तक वजीर मुजावरचं. वजीरची उमेदीची वर्षं मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोनवर जाझ वाजवण्यात गेली. हॉटेलांना त्याची गरज उरली नाही, तेव्हा तो सांगलीला येऊन लग्नाच्या बँडमध्ये शिरला. म्हातारपणी त्यानं सगळं लिहून काढलं आणि कुणालाच सोडलं नाही. स्वतःची दारू, स्वतःची मोडलेली दोन लग्नं, नशेत स्टेजवरून पडलेला मॅनेजर, सगळे नावानिशी. वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. बँडच्या जुन्या मालकानं वकिलाची नोटीस धाडली. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं, वडिलांचं नाव छापून आलंय एवढंच ऐकून, गठ्ठाभर प्रती भेट वाटल्या. आता तो त्या घरोघर फिरून परत मागत होता. ज्यांचं नाव आलं नव्हतं, ते तर जास्तच रागावले होते.

नानासोंना मात्र नुसती भीती वाटत होती.

ते त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट घेऊन उभे असत, हे खरं. वाजवत कधीच नसत. वरातीपुढं माणसं जास्त दिसली की यजमानाचा मान वाढतो, म्हणून मालक वाजवणाऱ्यांत न वाजवणारे मिसळायचा. त्यांना 'भरतीचे' म्हणत. डगला तोच, टोपी तीच; गाल फुगवायचे, बोटं हलवायची. चुकून आवाज निघू नये म्हणून वाद्याची पत्ती मालक आधीच काढून घ्यायचा. गावात मात्र नानासो क्लॅरिनेटवाले होते. बनाबाईंच्या माहेरीसुद्धा. आणि आता सगळं उघडं पडणार होतं, तेही सुनेच्या तोंडून.

रेश्मा वाचू लागली. "'आमच्यात नानासो होता. त्याच्या क्लॅरिनेटची सर मुंबईतल्या एकालाही नव्हती.' आवं मामा!"

बनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आवं, मुंबईतबी न्हाई म्हणतोय त्यो!"

नानासो चप्पल टाकून उठले. त्यांनी परसात जाऊन फोन लावला.

"वजीरभाई, ह्ये काय लिव्हलंसा?"

"आरं नाना, समद्यांना नागडं केलं पुस्तकात. म्हटलं, एकाच्या तरी अंगावर कापडं ऱ्हाऊ देत."

"आन लोकांनी वाचक मेळाव्याला बोलवून, वाजवून दावा म्हटलं तर?"

वजीर बराच वेळ खोकला. "आजारी पड," म्हणाला.

बोलावणं आठवड्याभरात आलंच. नानासो आजारी पडले. रेश्मानं काढा पाजला आणि सांगलीच्या एसटीत बसवलं.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. एका हौशी वाचकानं मिरजेहून क्लॅरिनेट आणली होती. तिला नवी कोरी पत्ती. त्यानं ती नानासोंच्या हातात दिली. पहिल्या रांगेत बनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. नानासोंनी वाद्य टेबलावर ठेवलं आणि माईक धरला.

"मला वाजवता येत न्हाई. कवाच येत नव्हतं. मी भरतीचा हुतो. नुसतं गाल फुगवायचो."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सभागृह हसलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

"याला म्हणतात विनय!" अध्यक्ष गहिवरले. ते निवृत्त प्राध्यापक होते. "इतक्या निर्भीड लेखकानं ज्याला दाद दिली, तो माणूस काय म्हणतोय बघा!"

"आवं, आईशप्पत खरं सांगतोय!"

टाळ्या वाढल्या. नानासोंनी अध्यक्षांशेजारी बसलेल्या वजीरकडं पाहिलं. वजीरनं हो म्हटलं असतं तर एका ओळीपायी अख्खं पुस्तक खोटं ठरलं असतं आणि मालकाच्या वकिलाला आयतंच सापडलं असतं. वजीर स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. मग हळूहळू त्यानंही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बनाबाईंचे हात तेवढे मांडीवर होते.

परतीच्या गाडीत रेश्मा पुढं बसली होती, सगळ्यांना फोटो पाठवत. बनाबाई कराड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसल्या. त्या पाठीपुढं मेळाव्याची भीती म्हणजे काहीच नव्हती, हे नानासोंना इस्लामपूरच्या अलीकडंच कळलं होतं.

"खरं सांगितलंसा न्हवं?" शेवटी बनाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"येकदाबी न्हाई फुकलं?"

"पत्तीच नसायची गं."

गाडी कराडच्या स्टँडवर माणसं घेऊन पुन्हा निघाली.

"आन गाल? लगीनसराईत तुमी घरी आला की गाल धरून बसायचा. मी शेकून द्यायची. त्येबी नाटक?"

"न्हाई," नानासो म्हणाले. "त्ये दुखायचं. दिसभर फुगवून धरायचं म्हंजी… लय दुखायचं."

बनाबाई खिडकीकडून वळल्या. मग त्यांनी पदराचा बोळा केला, तोंडाशी धरून त्यात उबदार फुंकर घातली आणि तो नानासोंच्या गालाला लावला. गाडी गच्च भरली होती. माणसं बघत होती. नानासो मान ताठ ठेवून समोर बघत बसले.