दसऱ्याला घासलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. वय विचाराल, तर महिनासुद्धा झालेला नाही. हसू नका, माझंच डोकं फिरलंय.

चारकोपला सुबोधदादाच्या गाळ्यात माझा जन्म झाला. तिथे नाटकांसाठी राजेरजवाड्यांच्या काळातले पेटारे, त्यांची कुलपं, बिजागऱ्या, कड्या नव्याने घडवतात. मीही कोराकरकरीत होतो. मग गाळ्यात काम करणाऱ्या संघमित्रानं मला हातोडीनं ठोकलं, मीठ आणि व्हिनेगर चोपडून गंजवलं. जितका कुरूप झालो, तितकं कौतुक! "झकास! चारशे वर्षांचं वाटतंय," सुबोधदादा म्हणाला. ही कसली रीत? गंज पार पोटात गेला, आतली खीळ अडकली. ते कुणी बघितलंसुद्धा नाही.

मला ज्या पेटाऱ्यावर बसवलं, तो संघमित्रानं पहिल्यांदाच एकटीनं केला होता. दसऱ्याला नाटकवाले न्यायला येणार होते. त्यांनी नापसंत केला, तर तिला पुन्हा पॅकिंगला बसावं लागणार होतं.

दसऱ्याच्या सकाळी ती आधी विहारात गेली. इकडे सुबोधदादाच्या आई, वनमालाबाई, हत्यारांच्या पूजेला आल्या. मला बघून त्या हळहळल्या. चिंच आणि राख घेऊन त्यांनी मला लख्ख घासलं, पोटात तेल सोडलं, झेंडू वाहिला. मला पहिल्यांदाच कुणी मायेनं हात लावत होतं.

पांढऱ्या साडीतली संघमित्रा आली आणि किंचाळली, "मावशी, वाट लागली! चारशे वर्षं धुऊन काढलीत तुम्ही!"

"अगो, गंज होतो तो! सणाक लोखंड असा ठेवतत?"

"तो मीच लावला होता!"

"तू? कशाक गो?"

तेवढ्यात नाटकवाला केयूर आलाच. "हे काय? राजाचं कुलूप की स्टीलचा डबा?"

संघमित्रा भडकली. "राजाच्या काळात ते नवंच असेल ना!"

"असेल. पण पब्लिकला गंजच लागतो, यार."

बोलता बोलता त्यानं किल्ली फिरवली. खट्कन उघडलो. तो चमकला. "उघडतंय की! मागचं कुलूप भर प्रयोगात अडकलं. राजा खजिन्यापुढे घाम पुसत बसला!"

संघमित्राचा चेहरा उतरला. मला गंजवल्यावर तिनं किल्ली लावून बघितलीच नव्हती. ती गुपचूप वनमालाबाईंच्या पाया पडली. मग काळं पॉलिश घेऊन तिनं माझं तोंड पुन्हा काळं केलं. पोटाला मात्र हात लावला नाही.

"पुढचा पेटाराही हिच्याकडूनच," म्हणत केयूरनं मला टेम्पोत चढवलं.

मित्रांनो, मी नवा की जुना, मला अजून कळत नाही. हवं तर म्हातारा करा, राजाचा करा, तोंडाला काळं फासा. पण पोटात थेंबभर तेल सोडा रे! नाहीतर अडकलो की तुम्हीच मला हातोडीनं फोडणार, आणि वर म्हणणार, कुलूपच भिकार होतं.